अकरा पानांचं रडणं

"तू मर क्यों नहीं जाती," फोनवरची पोरगी म्हणाली, आणि मी सवयीनं विचारलं, "लग्नाची तारीख काय?"

एप्रिल महिना होता, दोन हजार आठचा. लग्नसराईत सेनगावच्या प्रज्ञा ग्राफिक्सला पत्रिकेशिवाय दुसऱ्या कशासाठी कोणी फोन करत नाही. त्यामुळं उचलल्या उचलल्या तारीख विचारायची, मग वधूचं नाव, मग वराचं, असा माझा क्रम ठरलेला. पलीकडची गोंधळली. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पाठ केल्यासारखं, त्याला एक शिवी जोडली आणि म्हणाली, "कायो के बारे में जो लिखा है वो निकाल दे." फोन ठेवला गेला. मी रिसीव्हर हातात धरून बसले. स्क्रीनवर कुणाच्या तरी पत्रिकेतला गणपती होता, आतल्या खोलीत दुकानाचे मालक भीमराज भाऊ छपाईच्या जाळीवर शाई ओढत होते, बाहेर एक जीप सवारी भरेपर्यंत नुसतीच घुरघुरत उभी होती. मर म्हणण्याचं मला फारसं काही वाटलं नाही, आमच्या तांड्यावर आई ते मला दिवसातून दोनदा म्हणते. पण कायोचं नाव या रस्त्यावर माझ्याशिवाय कुणाच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. अनोळखी माणूस घरात शिरावा आणि माठ कुठं आहे ते त्याला बरोबर ठाऊक असावं, तसं मला झालं. भीती नंतर आली. आधी राग आला.

कायो ही एका जपानी चित्रकथेतली मुलगी. त्या मालिकेचं खरं नाव लांबलचक आहे, मी मनात तिला मीठवाट म्हणते. एक्क्याण्णव सालापासून ती दर महिन्याला येत होती, म्हणजे मी दुसरीत पाटीवर बाराखडी गिरवत होते तेव्हापासून. मला ती सापडली ती हिंगोलीला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये. कुणीतरी एका मशीनवर शेकडो पानं भरून ठेवली होती. पहिला आठवडाभर मी ती डावीकडून उजवीकडे वाचली आणि मला वाटलं, काय विलक्षण गोष्ट आहे, माणूस आधी मरतो आणि मग भांडतो. मग लक्षात आलं, हे उर्दूसारखं, उजवीकडून. समुद्रावरून डोंगरातल्या गावांना बैलांच्या पाठीवर मीठ नेणाऱ्या लोकांची ती गोष्ट. कायोचा बाप त्या तांड्याचा नायक. गोणी बैलाच्या दोन्ही अंगांना कशी तोलून टाकतात, पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा काहून असते, पावसात मीठ विरघळलं की हलका झालेला बैल कसा उड्या मारतो, हे सगळं त्यात होतं. आणि हे सगळं मला माझ्या आईनं, जिवनबाईनं, तिच्या आज्याच्या लदेणीच्या, म्हणजे बैलांवर माल लादून नेण्याच्या, गोष्टींतून कधीच सांगून ठेवलं होतं. शाळेच्या पुस्तकात मी आम्हाला कुठं शोधलं नव्हतं, कारण तिथं आम्ही नव्हतोच. जपानात निघालो. मी त्या दिवशी शेवटची जीप चुकवली.

त्या पानांचं इंग्रजी करून इंटरनेटवर टाकणारा एक गट होता. कोण ब्राझीलचा, कोण फिलिपिन्सचा, आणि साक्षी नागपूरची. साक्षी इंजिनिअरिंगला होती आणि क्लास लावून जपानी शिकली होती, ती इंग्रजी करायची. माझं काम पानं साफ करण्याचं. फुग्यातली जपानी अक्षरं पुसायची, अक्षरांखाली गेलेलं चित्र, म्हणजे बैलाचे केस, गोणीची वीण, पुन्हा काढायची आणि इंग्रजी बसवायचं. आधी दर रविवारी हिंगोलीच्या कॅफेत, नंतर भाऊंनी दुकानात इंटरनेट घेतलं तेव्हापासून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, लाईट असली तर. पाच वर्षांत मी एकशेबारा भाग साफ केले. पैसा एक नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी आमची टोपणनावं यायची, त्यात माझं यायचं, बस. साक्षीला मी कधी पाहिलं नाही, पण तिच्या पेपरांच्या तारखा, तिच्या अर्धशिशीची वेळ, तिला कारलं आवडतं हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्या तेवीस-चोवीस वर्षांच्या आयुष्यात ती एकच मैत्रीण अशी, जिला मी कोणत्या तांड्याची हे सांगायच्या आधी मी काम कसं करते ते कळलं होतं.

आता भांडण सांगते. कायोसोबत लहानपणापासून बैल हाकणारा तेत्सुजी, आणि मिठाच्या नाक्यावरचा तरुण अधिकारी इसामु. कायो कुणाची होणार, यावरून इंटरनेटवरच्या वाचकांच्या फोरमवर दोन फळ्या. मी त्यांना बैलवाले आणि नाकेवाले म्हणते. परक्या माणसाला हसू येईल, पण सतरा वर्षं एखाद्या मुलीसोबत जगलं की लोक तिच्या लग्नाचे चुलते होतात. बैलवाले नाकेवाल्यांना विकृत म्हणायचे, नाकेवाले बैलवाल्यांना अडाणी. एकमेकांच्या चित्रांवर काळं फासायचं, नावांच्या याद्या करायच्या, कोण कुठल्या कॉलेजात आहे ते शोधून तिथं पत्रं पाठवायची. एका पोरीनं त्यापायी चित्रं काढणं सोडलं. मी हे सगळं बघत होते आणि गप्प होते, हे कबूल करते. कारण त्या याद्या आमच्या बाजूच्या होत्या. मी पक्की बैलवाली. साक्षी तर बैलवाल्यांची नायकीणच. दुसऱ्याच्या दारात कचरा पडला की आपल्याला वारं फक्त सुखाचं लागतं.

मार्चमध्ये दोनशे तिसरा भाग आला. कायोचं लग्न इसामुशी ठरलंय, आणि निघायच्या आधी ती तांड्यातल्या एकेकाच्या गळ्यात पडून रडते. अकरा पानं. बापाच्या गळ्यात, म्हाताऱ्या स्वयंपाकिणीच्या गळ्यात, पुढच्या बैलाच्या गळ्यात, आणि सगळ्यात लांब, अडीच पानं, तेत्सुजीच्या गळ्यात. ती पानं मी साफ केली. रडताना माणसाचा चेहरा कसा मोडतो, त्याच्या रेषा मी एकेक करून जोडल्या. भाग बाहेर पडला आणि फोरम पेटला. बैलवाल्यांनी जाहीर केलं, रडली म्हणजे तिला जायचं नाही, रडणं हाच पुरावा, आता जो कोणी या लग्नाच्या बाजूनं बोलेल तो बायकांवर जबरदस्ती करणाऱ्यांच्या बाजूचा. नाकेवाल्या पोरापोरींना त्यांनी काय काय लिहिलं ते मी इथं लिहीत नाही. ब्राझीलच्या एका चौदा वर्षांच्या पोरीला लिहिलेलं वाचलं आणि मला राहवलं नाही.

मी लिहिलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन. लिहिलं की मी पण बैलवाली आहे, पण आमच्या तांड्यावर नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. ते आधी शिकावं लागतं, म्हाताऱ्या बाया शिकवतात, माझी आई शिकवते. माझी चुलत बहीण पुजा अशी रडली होती की जीपच्या ड्रायव्हरच्या पण गळ्यात पडली, आणि जीप फाट्यावर पोचायच्या आत म्हणाली, पेढे कुणाकडं ठेवलेत. म्हणून ती खोटं रडली असं नाही. मनापासून रडली आणि मनापासून गेली. त्या रडण्यात पोरगी बापाला बोलते, भावाला बोलते, नायकालाही बोलते आणि त्या दिवशी तिला कोणी गप्प बस म्हणत नाही. तेव्हा कायोचे डोळे बघू नका, ती काय म्हणते ते वाचा. अकरा पानांत ती काय बोलली त्याकडं तुमचं लक्षच नाही, तुम्ही नुसते तिची आसवं मोजून राहिले. हे एवढंच.

नाकेवाल्यांनी ते उचलून धरलं, त्यानं माझं आणखी वाईट झालं. आपल्याच माणसांनी मला फाडलं. आधी इंग्रजी शीक. तुझ्या समाजात पोरी विकतात वाटतं. रानटी चालीचं कौतुक करणारी. कुणीतरी कायोचा रडका चेहरा घेऊन त्याखाली माझं टोपणनाव लिहिलं आणि गळ्याभोवती दोर काढला. रेषा बऱ्या होत्या, तेही दिसलंच मला, काय करणार. पाचशेवर उत्तरं आली. मी सगळी वाचली, कारण खाज सुटलेल्या जागी हात जातोच. पण ते सगळं त्या खिडकीत होतं, मशीन बंद केलं की बंद. आता ते दुकानात आलं होतं. आणि कसं आलं हे मला त्या पहिल्या फोननंतर तासाभरानं, पत्रिकेचं प्रूफ बघता बघता कळलं.

आमच्या धंद्यात कुठलंही काम गेलं की तळाशी बारीक अक्षरात एक ओळ जाते: प्रज्ञा ग्राफिक्स, तहसील रोड, सेनगाव, आणि फोन नंबर. लग्न असो, तेरवी असो, निवडणुकीचं पत्रक असो. हात न सांगता ती ओळ टाकतो. तीन वर्षांपूर्वी एका खिडकीत कुणाची तरी पत्रिका आणि दुसऱ्या खिडकीत मीठवाटेचं पान असं चालू असताना मी ती ओळ कायोच्या पानाच्या तळाशी चिकटवली आणि पान गेलं. पावसात भिजलेल्या डोंगराच्या पायथ्याशी, मुंगीएवढ्या देवनागरीत, सेनगावचा फोन नंबर. जगभर कुणाला दिसलं नाही. फक्त साक्षीला दिसलं. ती हसून हसून बेजार झाली होती, तिनं लिहिलं होतं, राहू दे, दुरुस्त करू नको, ही आपल्या दोघींची गंमत. म्हणून मी ती राहू दिली. त्या पानाबद्दल दुसऱ्या कुणाला काही माहीत नव्हतं.

दोन दिवसांत चाळीसएक फोन आले. नुसता श्वास घेणारे, हसणारे, शिव्या देणारे, बहुतेक आपल्याच देशातले, दोन-चार लांबून घुमत येणारे. खरी गिऱ्हाइकं कंटाळून शेजारच्या दुकानात गेली. तिसऱ्या दिवशी भाऊ शाईचे हात पुसत बाहेर आले. भीमराज खिल्लारे हा माणूस आवाज चढवत नाही, चष्मा काढतो. त्यांनी चष्मा काढला.

"शितल, हे काय चालू हाय? सकाळी मीच उचलला फोन. मला म्हणला, वो लडकी को बोल माफी मांग. कशाची माफी? पोराबिराची भानगड हाय का?"

"न्हाई भाऊ. मी एका जागी लिहिलं, ते लोकायला आवडलं न्हाई."

"काय लिहिलं? वाच. मराठीत सांग."

मी सांगितलं. जपान, मीठ, बैल, तेत्सुजी, इसामु, पुजाचे पेढे, सगळं. दुकानात उभ्या उभ्या, तापल्या पत्र्याखाली, दोन पोरांच्या पस्तिशीतल्या बापाला मी एका कागदाच्या मुलीचं लग्न समजावून सांगत होते, आणि मधेच मला वाटलं, हे भलतंच आहे, हा आता हसणार आणि मग मला घरी पाठवणार. ते हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "यात खोटं काय हाय?"

"खोटं न्हाई."

"मंग?"

"ते म्हणतेत पुसून टाक. न्हाई तं फोन येतच राहतीन."

"पुसायचं काहून? आमच्या बापजाद्यानं लई पुसलं, लोकायनं सांगितलं म्हणून. पण बाई, माझी सराई जाऊन राहिली. फोन आजपासून तूच उचलायचा. प्रत्येक. मी न्हाई उचलणार, न् बंदही न्हाई करणार. गिऱ्हाईक तुटलं तर मात्र मला दुसरी ऑपरेटर बघावी लागंल, ते आधीच सांगून ठेवतो." चष्मा घालून ते आत गेले. बरोबर बोलले होते. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या पाया पडावं असंही वाटलं, आणि मी दोन्ही न करता गणपतीचा आकार कमी केला, कारण गिऱ्हाइकानं तो लहान सांगितला होता.

साक्षीचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पाच वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या मनातला आवाज जाड होता, हा बारीक, घाईचा.

"शितल, मी साक्षी. काय करून राहिली तू हे? सगळे भडकले आहेत. एक ओळ लिही ना, चुकलं म्हणून. मी सगळं थांबवते."

"नंबर तूच दिला ना?"

ते टाळून ती म्हणाली, "ऐक. मालिका संपून राहिली. पुढचा भाग शेवटचा आहे, पन्नास पानं. माझ्याकडं गुरुवारी येतात. ती साफ करायला तुलाच द्यायची आहेत मला. तुझ्याइतका बैल कोणाला काढता येत नाही. पण गुरुवारी दुपारी चारपर्यंत तू ते लिहिलेलं काढलं नाही तर गट तुला घेणार नाही. तुझं नाव जुन्या भागांवरूनही काढा म्हणून राहिले."

हे मात्र लागलं. मेली तर बरं, ते लागलं नव्हतं, हे लागलं. शेवटची पन्नास पानं. कायो जाते की राहते, बोलते की नाही, ते जगात सगळ्यांच्या आधी माझ्या हाताखाली यायचं होतं. त्या रेषांवरून माझा हात जायचा होता. पाच वर्षं मी त्या पानांची वाट बघत होते आणि मला ती हवी होती, लहान पोराला हवी असते तशी, पाय आपटून. मी जवळजवळ बरं म्हणणार होते, खोटं काहून सांगू.

"साक्षी, मी काय चुकीचं लिहिलं ते सांग. एक गोष्ट सांग."

तेव्हा तिचा घाईचा आवाज हळू झाला. "माझ्या ताईच्या लग्नात ताई रडत होती," ती म्हणाली. "दोन दिवस. तिला नव्हतं करायचं. आणि घरातले सगळे म्हणत होते, पोरी रडतातच. रडतातच, अगं, असं असतंच. तू तेच लिहून ठेवलं. जगापुढं. तेच वाक्य."

बाहेर एसटी येऊन थांबली, लोक उतरले, कुणाची तरी कोंबडी सुटली, तिच्यामागं माणसं धावली. एवढा वेळ मी तिला एक दुष्ट बाई करून ठेवलं होतं आणि आता तिच्या जागी चौदा-पंधरा वर्षांची एक पोरगी उभी होती, मांडवाच्या खांबाला धरून. मी तिला विचारलं, "ताईला इचारलं होतं का कुणी? तुला करायचं का न्हाई, असं?"

"नाही."

"तू?"

"मी लहान होते."

"व्हय. मंग मी तेच म्हणून राहिले ना बाई. रडणं बघितलं सगळ्यांनी, इचारलं कुणीच न्हाई. रडते म्हणून धाडलं तिला, न् तुमी रडते म्हणून कायोला ठेवून घेऊन राहिले. तिचं बोलणं दोघायलाही नको."

"तू काढणार नाही?"

"न्हाई."

"मग पानं नाही."

"ताईचं वाईट वाटलं मला, खरंच. पण माझ्या मालकाच्या दुकानात लोक सोडले तू, त्यानं तुझी ताई सासरहून परत येणार हाय का?" तिनं फोन ठेवला. ठेवताना हलकेच ठेवला, ते कळलं मला. मी पुढं बसून एका पत्रिकेत वराच्या आईचं नाव दोनदा टाकलं.

मी एवढी अडून का बसले, हे मला त्या दिवसांत स्वतःलाही पुरतं सांगता आलं नसतं. सांगते आता. चार वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं, वारंगा फाट्यावर टायरचं दुकान असलेल्या एका मुलाशी. मुलगा मला आवडला होता. बोलताना समोर बघायचा, हसताना खाली. आईनं मला ढावलो शिकवायला घेतला, आम्ही दोघी तुरीच्या कडेला बसून गळ्यात गळा घालायचो आणि ती मला सांगायची, इथं श्वास घे, इथं बापाचं नाव. मग मुलाकडून निरोप आला, पोरीनं कॉम्प्युटरबिम्प्युटर सोडून घरात राहावं. तांड्यावर पंच बसले, मला विचारलं, आणि मी म्हणाले, न्हाई. डोळ्यांत पाणी आलं नाही. मी आणायला बघितलं, आलंच नाही. झालं. अख्खा तांडा म्हणाला, लग्न मोडलं आणि पोरगी रडली नाही, म्हणजे हिचं दुसरीकडं कुठंतरी आहे. रडले असते तर म्हणाले असते, हिला करायचंय, समजूत घाला. मी काय म्हणाले ते मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मी कामाबद्दल बोलले होते. दीड मिनिट चांगली बोलले होते, नीट, क्रमानं. आजही कुणाला विचारा, लोक माझे कोरडे डोळे सांगतात. तो मुलगा मला अजून कधी कधी आठवतो, खाली बघून हसताना. त्याच्यासाठीही माझ्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही, छातीत नुसतं जड होतं, पावसाआधी सादळून कापसाच्या गाठी होतात तसं.

मंगळवारी सेनगावचा बाजार. आई मिरच्या विकून दुकानात टेकली होती, मी आत जाळी धुवायला गेले होते, आणि फोन वाजला. माझ्या आधी आईनं उचलला. बाहेर आले तर ती रिसीव्हर कानाला उलटा लावून शांतपणे हां, हां करत होती. पलीकडून इंग्रजीत कोणीतरी ओरडत होतं, मला तीन हातांवरून ऐकू येत होतं. आईनं पुरतं ऐकून घेतलं आणि ठेवलं. "कोण पाव्हणा हाय," ती म्हणाली, "लई तळमळून बोलला." आम्ही घरी आमच्या बोलीत, गोरमाटीत बोलतो, इथं मी मराठी करून लिहिते. मी तिला सगळं सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, कायोनं रडताना बैलाच्या गळ्यात पडून काय म्हटलं. मी सांगितलं: मला हा बैल द्या, हा मी हाकलाय, नवऱ्याच्या दारात मी पायी जाणार नाही. आईनं मिरचीनं लाल झालेले हात पदराला पुसले. "मग तिनं हक्क मागितला," ती म्हणाली. "लोक काहून भांडून राहिले? एवढं सरळ तर बोलली पोरगी." मग माझ्याकडं न बघता, "तू पण सरळच बोलली होतीस. मी होते तिथं. मला ऐकू आलं होतं." चार वर्षांनी. मी चहा सांगायला म्हणून बाहेर गेले आणि टपरीच्या मागं उभी राहिले, आणि तिथं माझे डोळे भरले. कशासाठी भरले त्याचा पुरावा कुणाला काढायचा असेल त्यानं काढावा.

गुरुवार आला. दुपारी चार वाजेपर्यंत मुदत होती. लाईट दोनला गेली ती साडेतीनला आली, मशीन चालू व्हायला आणखी दहा मिनिटं. मी फोरम उघडला, माझं लिहिलेलं पुन्हा वाचलं. इंग्रजी खरंच वाईट होतं. एका ठिकाणी मी ढावलो नुसताच ढावलो लिहून सोडला होता, पुढं अर्थच नव्हता. मी ते वाक्य दुरुस्त केलं. आणि खाली एक परिच्छेद घातला: ज्यांच्या घरात कुणी रडत गेलं आणि कुणी विचारलं नाही, त्यांचं खरं आहे, ते मी आधी लिहायला हवं होतं. बाकी सगळं तसंच राहील. याद्या करणं आणि फोन करणं बंद करा, आणि ज्या पोरीनं चित्रं काढणं सोडलं तिची माफी आपण बैलवाल्यांनी मागायची आहे, मी सुरुवात करते. तिची माफी मागितली. चार वाजून काही मिनिटांनी माझं खातं बंद झालं. आत जाता येईना, बाहेरून वाचता येत होतं. सहाच्या सुमारास जुन्या भागांच्या शेवटच्या पानांवरून माझं नाव जायला लागलं, एकेक भाग करून. साफ करणाऱ्यानं घाई केली होती, पुसलेल्या जागी पांढरा चौकोन राहत होता आणि मागचा डोंगर तुटत होता. मी असं काम कधी दिलं नसतं. एकशेबारा भाग जायला त्यांना बराच वेळ लागला आणि मी दुकान बंद होईपर्यंत बघत बसले.

शुक्रवारी फोन कमी झाले. शनिवारी सकाळी तीनच. भाऊ एकदा बाहेर येऊन नुसतं बघून गेले, दुसऱ्या ऑपरेटरचं काही बोलले नाहीत. चौथा फोन वाजला तेव्हा मी साखरा गावातल्या एका बारशाचं कार्ड करत होते. उचलला. "तू अभी तक," आवाज म्हणाला, आणि मी ओळखला. पहिल्या दिवशीची. तीच पाठ केलेली घाई.

"मराठी येतं का तुला?" मी विचारलं.

मागं कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी तिला आतून हाक मारली. "...येतं," ती म्हणाली.

"मी शितल आडे बोलते. ते मीच लिहिलंय, न् ते मी काढलेलं न्हाई, काढणारही न्हाई. तुला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून राहिले."

तिनं शिवी दिली, मराठीत, पण ती तिच्या तोंडात नवी होती, अर्ध्यात अडखळली. मी थांबले. मला वाटलं आता ठेवेल. तिनं ठेवला नाही. श्वास ऐकू येत होता, नाकानं घेतलेला, सर्दी झाल्यासारखा.

"पण ती रडत होती ना," ती शेवटी म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता, बारा-तेरा वर्षांचा. "ताई, ती खोटं रडत होती का?"

"न्हाई. खरंच रडत होती."

"म्हणजे तिला जायचं नव्हतं."

"जायचं पण होतं."

"असं कसं?"

भाऊ जाळी तशीच सोडून दारात येऊन उभे होते. बारशावाला काउंटरवर बोटं वाजवत होता. मी त्याला हातानं थांब म्हटलं, पायानं स्टूल ओढलं आणि बसले.

"फोन ठेवू नको," मी तिला म्हणाले. "सांगते."